दिवाळीची भेट : पोस्त, नजराणा की वानोळा?

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. कपाशी, सोयाबीन व तूर ही या पट्ट्याची मुख्य पिके. अशा गावात दिवाळी येते ती वर्षाच्या हिशेबाच्या ऐन मध्यावर. सोयाबीन घरात आलेले असते, सीतादही करून कापसाची पहिली वेचणी नुकतीच सुरू झालेली असते, आणि जूनपासून उधारीवर उचललेल्या बियाण्या-खतांची बाकी कृषी केंद्राच्या वहीत उभी असते. लक्ष्मीपूजनाला त्याच वहीची पूजा होते, पाडव्याला नवी वही उघडते, आणि याच दिवसांत दुकानदाराकडून शेतकऱ्याच्या हाती मिठाईचा पुडा, स्टीलचा डबा किंवा दिनदर्शिका पडते. पुण्या-मुंबईची कंपनी आपल्या ग्राहक-कंपनीला सुक्या मेव्याची पेटी धाडते, तोच हा व्यवहार. फरक इतकाच की, गावात देणारा आणि घेणारा एकमेकांना रोज पाहतात. त्यामुळे भेटीचा अर्थ तेथे फार काळ लपून राहत नाही.

व्यावसायिक भेटीचा विचार करू लागले की मराठीतील जुने शब्द मदतीला येतात. गडीमाणसे, मोलकरीण, पोस्टमन, रखवालदार यांना दिवाळीला द्यायची ती पोस्त. तिचा ओघ वरून खाली. अधिकाऱ्यापुढे वा सरदारापुढे ठेवायचा तो नजराणा. त्याचा ओघ खालून वर आणि त्यामागे काही मागणे ठरलेलेच. आहेर बरोबरीच्या नात्यातला, पण त्याची नोंद वहीत होते आणि कधी ना कधी तो फेडावा लागतो. या साऱ्यांहून निराळा शब्द म्हणजे वानोळा. आपल्या शेतात किंवा परसात आलेले नवे धान्य, भाजी, फळ थोडेसे शेजाऱ्याकडे वा स्नेह्याकडे पाठवायचे, तो वानोळा. त्यात प्रमाण थोडे असते, वस्तू आपली असते, हंगाम ताजा असतो आणि घेणाऱ्यावर ओझे नसते.

आजच्या व्यावसायिक भेटी या कसोटीवर तपासून पाहाव्यात. एकाच मापाच्या तीनशे पेट्या, त्यावर छापील शुभेच्छा आणि कंपनीचे ठसठशीत बोधचिन्ह, ही खरी तर पोस्त. खरेदी विभागाच्या प्रमुखाच्या घरी पोहोचणारे चांदीचे नाणे हा नजराणा. दोन्हींत ग्राहकाचा मान राहत नाही, हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही इतकेच.

वानोळ्याचे पहिले मर्म वेळेत आहे. भेट देणाऱ्याच्या सोयीने नव्हे, तर घेणाऱ्याच्या गरजेच्या दिवसांत पोहोचली पाहिजे. याचे सर्वांत कठोर उदाहरण यवतमाळ जिल्ह्यानेच पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावर व चेहऱ्यावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, जोरदार फवारा मारणारे पंप आले होते, आणि अंगावर बहुतेकांच्या रोजचाच सदरा होता. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा अंगरखा अशा साध्या वस्तूंची उणीव किती महाग पडते, हे त्या चार महिन्यांनी दाखविले.

आता कृषी केंद्राच्या चालकाने आपल्या गिऱ्हाइकाला काय द्यावे, याचे उत्तर यातूनच मिळते. दिवाळीला काचेच्या पेल्यांचा संच देण्याऐवजी आषाढ-श्रावणात, फवारणी सुरू होण्यापूर्वी, फवारणीचा पोशाख द्यावा. आणि एक नव्हे, दोन संच द्यावेत. कारण वहीत नाव शेतमालकाचे असते, पण पाठीवर पंप घेऊन तासात उतरणारा अनेकदा सालगडी किंवा रोजंदार असतो. एकच संच दिला तर तो कोठीत टांगलेला राहण्याची शक्यता अधिक. औषधाच्या डब्यावरील बारीक अक्षर वाचून दाखविणे, कोणते औषध कशात मिसळू नये हे सांगणे, हेही त्या भेटीतच आले. त्याला तर पैसेही पडत नाहीत.

कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. वजनात कडता लावायचा, चुकारा आठवडाभर लांबवायचा आणि पाडव्याला पेढे वाटायचे, ही रीत शेतकरी ओळखून असतो. अशा ठिकाणी काटा चोख ठेवणे आणि चुकारा त्याच दिवशी हातावर ठेवणे आधी यावे. पेढ्यांचे मग बघता येईल. शहरातही लहान पुरवठादाराचे देयक तीन-तीन महिने अडवून त्याला दिवाळीची टोपली धाडणाऱ्या मोठ्या आस्थापना काही थोड्या नाहीत.

शहरी ग्राहकांसाठी वस्तू निवडताना दुसरे मर्म उपयोगी पडते : भेट देणाऱ्याच्या मुलखाची असावी. विदर्भातील उद्योजकाने दिल्लीहून मागविलेले बदाम पुन्हा मुंबईला पाठविण्यात स्वारस्य नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून आंबिया बहराची फळे दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतात. मात्र दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर फळ आंबट निघते, तेव्हा पंधरा दिवस थांबणे बरे. वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद आणि नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरची यांना २०१६ मध्ये हे मानांकन मिळाले. फुलसावंगीच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद २०२४ मध्ये या यादीत आली. पाव किलो हळदीची कापडी पिशवी आणि ती कोणत्या गावची हे सांगणाऱ्या दोन ओळी, एवढी भेट स्वयंपाकघरात सहा महिने राहते. नवी तूर मात्र पौष-माघात निघते. तिची डाळ संक्रांतीनंतर पाठवावी. दिवाळीच्या गर्दीत जी भेट दहावी ठरली असती, ती तेव्हा एकटीच येते.

वस्तू हाताने घडविलेली हवी असेल तर वरोऱ्याजवळील आनंदवनातील शुभेच्छापत्रे व हातमागाचे कापड आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, तिचेच हे कार्य. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथे नैसर्गिक रंगांतील खादी मिळते. मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राच्या कामातून बांबूच्या वस्तू घडतात. अशा ठिकाणी मागणी श्रावणातच नोंदवावी. हाताच्या कामाला घाई चालत नाही.

दिनदर्शिकेला हल्ली नाक मुरडले जाते, ते बरोबर नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून आस्थापनेचे नाव छापलेली दिनदर्शिका ही मराठी घरातली सर्वांत टिकाऊ व्यावसायिक भेट ठरली आहे. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, म्हैस कधी विणार हे सारे तिच्यावर लिहिले जाते. वाचणाऱ्या ग्राहकासाठी दिवाळी अंक आहेत. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली, दोन-तीन निवडक अंकांचा संच मधुमेह्यालाही चालतो. मिठाईच द्यायची तर खव्याची टाळावी. सुट्या मिठाईवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख दर्शविणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले आहे, तेवढी तरी पाहून घ्यावी.

काही बाबतींत कायद्याकडे लक्ष हवे. व्यवसायाच्या संबंधातून एका ग्राहकाला वर्षभरात वीस हजार रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिल्यास १० टक्के करकपात करण्याचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला; आदल्या वर्षी एक कोटीपर्यंत उलाढाल असलेले वैयक्तिक व्यापारी त्यातून वगळले आहेत. भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. डॉक्टरांना औषध कंपन्यांनी भेटी देण्याचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयानेच निकाली काढला : फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयानुसार असा खर्च कंपनीला उत्पन्नातून वजा करता येत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांना सणाच्या भेटींवर खर्च न करण्याची सूचना दिली. ग्राहक सरकारी असेल तर शुभेच्छापत्रावर थांबावे. खासगी कंपन्यांतही भेटी स्वीकारण्याचे नियम असतात. आधी विचारून घेतले तर परत आलेल्या पेटीची नामुष्की टळते.

भेट कोणाच्या नावे पाठवायची, हाही नाजूक भाग. शेतात जसा पंप पाठीवर घेणारा वेगळा, तसे कार्यालयातही आपले काम प्रत्यक्ष करणारे वेगळेच असतात : देयक पुढे सरकविणारा लिपिक, माल उतरवून घेणारा भांडारपाल, फोन जोडून देणारी स्वागतिका. म्हणून वाटून खाता येईल अशी वस्तू कार्यालयाच्या पत्त्यावर, साऱ्या विभागाच्या नावे पाठवावी. सोबतची चिठ्ठी हाताने लिहावी आणि तीत वर्षातल्या एखाद्या नेमक्या कामाचा उल्लेख असावा.

शेती असलेल्या उद्योजकाला आणखी एक वाट मोकळी आहे. पौषात ज्वारी हुरड्यावर आली की ग्राहकाला सहकुटुंब शेतावर बोलवावे. आगटीत भाजलेली कणसे हातावर चोळून द्यायची, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. यासाठी ना वेष्टन लागते, ना कुरिअर. फक्त दुपारपर्यंतचा वेळ राखून ठेवावा लागतो आणि पाहुण्यांना उन्हासाठी टोप्या आणायला सांगावे लागते.