सर्पगंधा, ससे आणि कंपवात

सोनारीच्या श्रीकाळभैरवनाथाच्या दर्शनास आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परंड्याच्या वाटेने जात आली आहेत. दोन वर्षांपूर्वी तेथील मंडपात आम्ही आपल्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ पाहिले. गुडघ्यावर टेकलेला त्यांचा उजवा हात अखंड कापत होता. आरतीचे ताट उचलताच तोच हात पुष्कळसा स्थिर झाला. भोवतालची मंडळी म्हणाली, "नाथांचे वारे आहे, सेवेला लागताच शांत होते." त्यांचा भाव खोटा नव्हता, निदान मात्र चुकले होते. विसाव्यात उठणारा व हालचालीबरोबर ओसरणारा हा कंप लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांवरून वर्णिला. आयुर्वेद यालाच कंपवात म्हणतो.

रोगास नाव मिळाले, पण मेंदूत नेमके काय उणे पडते हे पुढे सुमारे एकशेचाळीस वर्षे कळले नाही. त्या ज्ञानाकडे जाणारी एक वाट आपल्या मुंबईवरून गेली आहे, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाशावर व उन्मादावर पूर्वापार दिली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे सेन व बोस यांनी तिचे गुण प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर परीक्षा केली. त्यांचा लेख १९४९ मध्ये इंग्लंडातील हृदयरोगविषयक नियतकालिकात आला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला.

परंतु रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचे अंग ताठू लागले, हात कापू लागले. औषधानेच कंपवाताचे सोंग उभे केले! डॉक्टरांना ती पीडा वाटली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना तीत प्रश्न दिसला. त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ते कान उभारून हिंडू लागले. हा प्रयोग १९५७ चा. पुढच्याच वर्षी मेंदूत डोपामाईन स्वतंत्रपणे वसते असे त्यांनी दाखविले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचा मोठा साठा हालचालींचे नियमन करणाऱ्या भागातच सापडला.

एवढा उघड पुरावा, पण १९६० मध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत त्या काळच्या ज्येष्ठ विद्वानांनी तो मानला नाही. नव्या विचारास वडीलधाऱ्यांची मान्यता उशिरा मिळणे केवळ आपल्याच घरांत घडते असे नव्हे. त्याच साली व्हिएन्नाचे एरिंगर व हॉर्निकेविच यांनी कंपवाताने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामाईन फारच थोडे आढळले. वाद तेथे फिरला. १९६१ मध्ये व्हिएन्नातच रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिले गेले; १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियस यांनी ते तोंडावाटे, बेताबेताने मोठ्या मात्रेत देऊन जखडलेली माणसे चालती केली. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र २००० साली!

आता गंमत पाहा. हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असते. ज्या शेंगांच्या कुसळांनी आपण लहानपणी एकमेकांचे अंग खाजवून सोडले, त्याच या! मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच वेगळे काढले होते. उपयोग कोणास ठाऊक नव्हता. १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी या बियांनी कंपवाताच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हे वाचून कोणी रानातून शेंगा आणून घरच्या घरी चूर्ण देऊ नये. मात्रा चुकल्यास अपाय होतो. लेव्होडोपाही रोग समूळ घालवीत नाही, आणि काही वर्षांनी त्याचा अंमल डळमळू लागतो.

सोनारीच्या त्या गृहस्थांना त्यांच्या सूनबाईंनी पुढे सोलापुरास डॉक्टरांकडे नेले. सदऱ्याच्या गुंड्या ते आता स्वतः लावतात, पंगतीत सर्वांबरोबर बसतात. हात अजून थोडा कापतो.