सवय ओळखणारे यंत्र आणि वर्षातून एकदा येणारा सण

#थ्रेड

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. मूर्तीच्या कारखान्यात जागा नेहमीच अपुरी असते. ज्या साच्यांतून सध्या मूर्ती निघत आहेत ते हाताशी ठेवावे लागतात आणि बाकीचे माळ्यावर जातात. मग एखादा जुना साचा खाली आणायचा झाला, तर त्याच्या बदल्यात वर कोणता टाकायचा?

मुरलेला कारागीर हा निर्णय क्षणात घेतो. कोणती मूर्ती अजून मागितली जाईल आणि कोणत्या मूर्तीचा हंगाम सरला, याचा अंदाज त्याच्या हातात मुरलेला असतो. संगणकाला मात्र हा अंदाज शिकवावा लागला. माणसाच्या सवयीप्रमाणे स्वतःला बदलणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा इतिहास याच साध्या प्रश्नापासून सुरू होतो : जवळ काय ठेवायचे आणि दूर काय लोटायचे?

आरंभी जुळवून घेण्याचे काम सर्वस्वी माणसाचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या अर्थाने त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. स्मृतीत काय ठेवायचे, कोठे ठेवायचे आणि केव्हा पुसायचे, हे सारे कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. तेथे यंत्राला सवय नव्हती. माणसाला यंत्राची सवय करून घ्यावी लागे.

त्याच सुमारास इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी ॲटलस नावाचा संगणक घडवत होती. टॉम किलबर्न त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. ७ डिसेंबर १९६२ रोजी ॲटलसचे उद्घाटन झाले. त्याची वेगवान स्मृती १६,३८४ शब्दांची, आणि फिरत्या ड्रमवरील संथ स्मृती तिच्या सहापट होती. ५१२ शब्दांचे एक पान धरले, तर जवळच्या स्मृतीत जेमतेम ३२ पाने मावत. बाकी सारी पाने ड्रमवर, म्हणजे माळ्यावर.

कोणते पान माळ्यावर टाकायचे हे ठरवणाऱ्या भागाला ॲटलसच्या निर्मात्यांनी ‘लर्निंग प्रोग्रॅम’ असे नाव दिले होते. शिकणारा कार्यक्रम! कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधी, यंत्राच्या पोटात दडलेल्या एका हिशेबनिसाला हे नाव मिळाले होते.

तो शिकत असे ते असे. प्रत्येक पानाविषयी दोन नोंदी ठेवल्या जात. पान शेवटचे वापरल्याला किती काळ लोटला, ही पहिली. त्याआधी ते पान किती काळ पडून राहिले होते, ही दुसरी. एखादे पान मागच्या वेळेपेक्षा स्पष्टपणे जास्त काळ पडून असेल, तर त्याचे काम संपले असे मानून ते बाहेर काढले जाई. असे एकही पान नसेल, तर ज्याची गरज सर्वांत उशिरा लागेल असे वाटे, त्याची पाळी येई. म्हणजे यंत्र प्रत्येक पानाची लय ओळखू पाहत होते.

ही युक्ती सुंदर होती, पण ती एका गृहीतावर उभी होती : लय ठरावीक असते. कार्यक्रम एकाच फेऱ्यात फिरत असेल तेव्हा अंदाज अचूक येत. फेरा अनियमित झाला की शिकलेले धडेच आड येत. १९६६ मध्ये आयबीएमच्या लास्लो बेलाडी यांनी अशा अनेक पद्धतींची तुलना केली, तेव्हा ॲटलसची पद्धत सर्वसाधारण कामात मागे पडल्याचे दिसले. सर्वोत्तम निवड कोणती हेही बेलाडींनी सांगितले. जे पान भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे, ते काढावे. अडचण एवढीच की भविष्य कोणत्याच यंत्राला ठाऊक नसते. त्यामुळे पुढच्या साऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम भूतकाळालाच कौल लावत आल्या.

भूतकाळ तरी किती मागचा? १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली. नुकत्याच सरलेल्या काळाची एक खिडकी धरायची. त्या खिडकीत जी पाने वापरली गेली तेवढीच कार्यक्रमाची खरी गरज मानायची. खिडकी अरुंद ठेवली तर यंत्र विसराळू होते, रुंद ठेवली तर स्मृती अडगळीने भरते. साठ वर्षे होत आली, तरी हा पेच जसाच्या तसा आहे.

सवय ओळखण्याची दुसरी वाट अमेरिकेतील एमआयटी येथे निघाली. फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. त्यातून घडलेल्या प्रणालीत छोटे काम असणाऱ्याला आधी वाट मिळे. जो कार्यक्रम दिलेला वेळ संपवूनही आटोपत नसे, तो खालच्या रांगेत जाई. पिठाच्या गिरणीत पायलीभर दळण घेऊन आलेल्याला पोतेवाल्याच्या आधी मोकळे करावे, तसाच हा न्याय. कोण छोटा आणि कोण मोठा, हे मात्र आधी कोणी सांगत नसे. वागणुकीवरून यंत्रच ते ओळखे.

पुढची तीस-पस्तीस वर्षे ही हुशारी पडद्याआडच राहिली. ती पडद्यावर आली आणि लोक वैतागले. विंडोज २००० आणि ऑफिस २००० यांतील यादी क्वचित वापरलेले पर्याय आपणहून लपवत असे. बोटांना जागा पाठ झालेली असावी आणि नेमका तोच पर्याय नाहीसा व्हावा, असे होऊ लागले. ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत मुख्य कार्यक्रमांतून त्या याद्याच गेल्या आणि रिबन आली. याउलट विंडोज एक्सपीने २००१ मध्ये कार्यक्रम सुरू होताना लागणाऱ्या फायली लक्षात ठेवून त्या आधीच उचलून आणण्यास सुरुवात केली. त्याची कोणी तक्रार केली नाही, कारण ते कोणाच्या नजरेसच पडत नव्हते.

मग खिशातला संगणक आला. त्याच्याकडे स्मृती मुबलक असते. टंचाई असते ती बॅटरीची. २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीने ॲप्सची वर्गवारी सुरू केली : चालू, वर्किंग सेट, वारंवार आणि क्वचित. डेनिंग यांचा शब्द पन्नास वर्षांनी खिशात आला तो असा. फोन चार्जिंगला नसेल, तर ‘क्वचित’ वर्गातील ॲपची पडद्यामागची कामे तेव्हाच्या नियमांनुसार २४ तासांपर्यंत लांबणीवर पडू शकत. अशा ॲपचे उदाहरण म्हणून अँड्रॉइडच्या माहितीपत्रकात एका हॉटेलचे ॲप दिले आहे, जे त्या हॉटेलात उतरल्यावरच उघडले जाते. प्रवासी माणसाच्या जगातले हे उदाहरण आहे.

२०२० च्या अकराव्या आवृत्तीने काही महिने न उघडलेल्या ॲपला दिलेल्या संवेदनशील परवानग्या आपोआप काढून घेण्यास आरंभ केला. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत अशी ॲप्स चक्क झोपी जाऊ लागली. ती पडद्यामागे काम करत नाहीत आणि बाहेरून आलेल्या सूचनाही घेत नाहीत. यामागचा हेतू निश्चितच चांगला आहे. विसरलेले ॲप कॅमेरा किंवा ठावठिकाणा टिपत बसू नये, एवढाच तो.

पण येथे जोह्याकडे पुन्हा पाहावे लागते. मूर्तींचे काम जवळपास वर्षभर चालते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती सणाच्या काही महिने आधीच रवाना होतात. मात्र त्या कामाचे टप्पे एकामागून एक येतात आणि प्रत्येक टप्प्याची साधने निराळी असतात. ओतकाम, घासकाम, रंग, डोळ्यांची आखणी, आणि शेवटी गाड्या भरण्याची धांदल. गाडी ठरवण्याचे किंवा मालावर लक्ष ठेवण्याचे एखादे ॲप या शेवटच्या आठवड्यांतच लागत असेल, तर वर्षाचे उरलेले महिने ते फोनच्या दृष्टीने सोडून दिलेलेच असते. कारखानदाराच्या दृष्टीने मात्र वर्षाची सारी उलाढाल त्याच आठवड्यांवर उभी असते.

खिडकी वर्षभराची केली तरी पेच पुरता सुटत नाही, कारण सण इंग्रजी तारीख पाळत नाही. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. दोन चतुर्थींमधले अंतर कधी ३८४ दिवसांचे, कधी ३५४ दिवसांचे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला, म्हणजे ३८३ दिवसांनी येते. ॲटलसच्या हिशेबनिसाने हा फेरा पाहिला असता, तर चतुर्थीचे पान आधीच्या अंतरापेक्षा महिनाभर जास्त पडून आहे असे मानून त्याने ते सणाच्या तोंडावरच माळ्यावर टाकले असते.

पंचांग हीसुद्धा एक शिकवलेली लयच आहे. फरक इतकाच की पंचांगकर्ता वापर मोजत बसत नाही. तो सूर्य-चंद्राचे गणित करतो, म्हणून अधिक मास त्याला आधीच कळतो. फोनमधल्या दिनदर्शिकेतही चतुर्थीची तारीख असू शकते. परंतु ॲप झोपवायचे की जागे ठेवायचे हे ठरवताना मोजला जातो तो वापर.

झोपेतून वगळण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या माहितीच्या पानावर तसे एक बटण असते, एकेका ॲपसाठी वेगळे. ते बंद करून ठेवण्याची योग्य वेळ विसर्जनानंतरची, साचे पुन्हा माळ्यावर जाण्याची.