नागरी उपविधी व लोकसहभाग (यवतमाळ जिल्हा)

उपविधी म्हणजे नगरपरिषदेने आपल्या हद्दीपुरते केलेले नियम. ते मोडल्यास दंड होऊ शकतो. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा आदी नगरपरिषदांना हा अधिकार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याने मिळाला आहे.

रहिवाशाला खरा वाव असतो तो मसुद्याच्या टप्प्यावर. मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. वरिष्ठ मंजुरीनंतरच तो अमलात येतो. दुर्दैवाने मसुदा प्रसिद्ध झाल्याची जाहीर सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हरकत लेखी, मुदतीत आणि कलमवार द्यावी, हवी ती पर्यायी शब्दरचना सुचवावी व पोच घ्यावी. नुसत्या निषेधापेक्षा अशी हरकत कितीतरी परिणामकारक ठरते. त्याआधी प्रभागातील नगरसेवकाशी बोलणेही उपयोगाचे, कारण सभेत मत त्याचे असते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी स्थानिक संस्थांना वर्षभरात उपविधी करण्यास सांगितले. लोकसहभागाच्या बाबतीत पथविक्रेता अधिनियम, २०१४ याहून पुढे जातो : नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. ज्यांच्यावर नियम लागू होणार त्यांनाच निर्णयाच्या जागी बसवणारी ही तरतूद सर्वांत मोलाची आहे.

जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी भागांतील अनुसूचित गावांत पेसा म्हणजे पंचायत (अनुसूचित क्षेत्रांत विस्तार) कायद्यामुळे (१९९६) ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी व विकासयोजनांना मान्यता देण्याचा अधिकार आहे. नगरपरिषद हद्दीत मात्र उपविधीचा ठराव निवडून आलेले सदस्यच करतात.