कर्जत-खालापूर परिसरातील व्यवस्थापन शिक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील व्यवस्थापन शिक्षणाचा इतिहास बहुधा मुंबई व पुणे या दोन शहरांच्या संदर्भात मांडला जातो. या दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर व महामार्गावर वसलेले रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके त्यात क्वचितच आढळतात. वस्तुतः येथे आधुनिक उद्योग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आला आणि उद्योग चालविण्याचे शिक्षण मात्र त्यानंतर सुमारे नऊ दशकांनी आले. या अंतराची कारणे व त्याचे परिणाम यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्योग प्रथम, शिक्षण नंतर

१८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण झाल्यावर कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे महत्त्वाचे स्थानक बनले. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्याच्या बळावर टाटा समूहाने १९१५ मध्ये खोपोली येथे व १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे जलविद्युत केंद्र सुरू केले. येथे निर्माण झालेल्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. स्वातंत्र्योत्तर काळात खोपोली परिसरात पोलाद व नळनिर्मितीचे कारखाने उभे राहिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या केंद्र सरकारच्या कंपनीने खालापूर तालुक्यातील रसायनी येथे कारखाना व कामगार वसाहत उभारली.

व्यवस्थापनाचे शिक्षण या काळात अन्यत्र आकार घेत होते. मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ मध्ये, म्हणजे खोपोलीच्या वीजकेंद्रापूर्वी दोन वर्षे, सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. कर्जतपासून लोहमार्गाने सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले हे शिक्षण घेण्यासाठी रोजचा प्रवास अथवा शहरातील वास्तव्य यांना पर्याय नव्हता. अल्पभूधारक शेतकरी तसेच ठाकर व कातकरी समाजातील कुटुंबांना यांपैकी काहीही सहज परवडणारे नव्हते. परिणामी परिसरातील माणूस कारखान्यात प्रामुख्याने कामगार म्हणून शिरला, तर व्यवस्थापक बाहेरून येत राहिला.

विनाअनुदानित धोरण व पदवीचे आगमन

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. या धोरणातून निर्माण झालेल्या देणगीच्या प्रश्नावर १९८७ चा प्रतिबंधक कायदा करण्यात आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै फाउंडेशन (२००२) व पी. ए. इनामदार (२००५) या खटल्यांत खाजगी संस्थांचे प्रवेश व शुल्कविषयक अधिकार आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट केल्या. दरम्यान मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये व्यवस्थापन अभ्यास पदवी, म्हणजेच बीएमएस, स्वयंअर्थसाहाय्यित तत्त्वावर सुरू केली. बारावीनंतर थेट व्यवस्थापन शिकण्याची सोय त्यामुळे शहराबाहेरील लहान महाविद्यालयांनाही करता येऊ लागली. मात्र शिक्षकांचे वेतन विद्यार्थ्यांच्या शुल्कातून द्यावयाचे असल्याने वर्गातील प्रत्येक रिकामी जागा अध्यापनाच्या दर्जाशी जोडली गेली.

रसायनी : एक बोलका दाखला

या संक्रमणाचा सर्वांत बोलका दाखला रसायनी येथे मिळतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा एज्युकेशन सोसायटीने एचओसी वसाहतीच्या परिसरात शैक्षणिक संकुल उभारले. तेथे २००९ मध्ये पिल्लई एचओसी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आणि व्यवस्थापन संस्था यांचाही या संकुलात समावेश आहे. दुसरीकडे, तोट्यात गेलेल्या मूळ कंपनीच्या रसायनी येथील उत्पादनापैकी इस्रोला लागणाऱ्या प्रणोदकाचा विभाग वगळता बाकी सर्व बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये घेतला. कारखान्याची अक्षरे महाविद्यालयाच्या नावात राहिली आणि कारखाना मात्र थांबला. ज्या पिढीला व्यवस्थापनाची पदवी घराजवळ मिळाली, त्या पिढीच्या वाट्याला वडिलांच्या पिढीतील कायम नोकरी आली नाही.

नियमनाचा नवा टप्पा

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस व बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २०२४ मध्ये प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा झाली. मुंबई विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांनी या वेळी पदवीचे नाव बदलून वाणिज्य शाखेतील व्यवस्थापन अभ्यास असे केले. हा बदल केवळ नावापुरता मानता येणार नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास तसेच इतर मागासवर्गीय विद्यार्थिनींना शंभर टक्के शुल्कसवलत मिळते. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेने प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांशी निगडित आहे. त्यामुळे पदवी कोणत्या नावाखाली चालते, यावर खोपोली वा नेरळच्या विद्यार्थिनीचे शिक्षण अवलंबून राहू शकते. नाव बदलताना हा मुद्दा महाविद्यालयाने तिच्यासमोर स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कर्जत-खालापूरमध्ये व्यवस्थापन शिक्षणाचा प्रसार स्थानिक उद्योगाच्या मागणीतून झाला नाही, तर शासकीय धोरण व विद्यापीठाची स्वयंअर्थसाहाय्यित रचना यांतून झाला. पदवी जवळ आली हे निःसंशय मोठे यश आहे. तथापि अंतर कमी होणे म्हणजे संबंध जुळणे नव्हे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले वाण, माथेरानच्या पायथ्याचा पर्यटन व्यवसाय, द्रुतगती मार्गालगतची गोदामे, बंद पडलेल्या कारखान्यांचा ताळेबंद हे सर्व येथील विद्यार्थ्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. प्रकल्प अहवालाचे विषय येथून निवडले गेले, तर लहान महाविद्यालयाचे लहानपण ही उणीव न राहता तेच त्याचे अभ्यासक्षेत्र ठरेल. ही निवड करण्यासाठी नव्या अनुदानाची अथवा मान्यतेची आवश्यकता नाही. ती अध्यापकांच्या अखत्यारीतील बाब आहे.