थंडीत न उठणारा झेटर

आमच्या गावात (नांदेडहून लोह्याच्या रस्त्याला) काही ट्रॅक्टर रोज संध्याकाळी मुद्दाम उतारावर लावलेले दिसतात. शहरातल्या माणसाला वाटेल, जागा नसेल. तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास उतरला की म्हातारी इंजिनं सेल्फ मारून उठत नाहीत. मग ब्रेक सोडायचा, ट्रॅक्टर उतारावरून घरंगळू द्यायचा, जरा वेग आला की गिअरमधे टाकून क्लच सोडायचा. दोन आचके, पांढऱ्या धुराचा एक लोट आणि मग धड धड धड...

आमचा ट्रॅक्टर त्यातलाच. एचएमटी २५११, पंचवीस हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. आजोबांनी १९८४ साली सेकंडहँड घेतलेला. मूळ रंग कुठला होता यावर घरात अजून एकमत नाही :) गावात त्याला एचएमटी कुणीच म्हणत नाही. सगळे 'झेटर' म्हणतात.

यंदा डिसेंबरअखेर सुट्टी टाकून घरी गेलो तर काकांचा निर्णय जवळजवळ झालेला होता.

"भंगारवाला चाळीस हजार देतो म्हणलाय. मिस्त्री दुरुस्तीचे पस्तीस सांगतो. आता तूच सांग, इंजिनियर ना तू?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्या हातून आजवर फार फार तर मिक्सर दुरुस्त झालाय. बाबा काहीच बोलले नाहीत, फडक्याने सीट पुसत राहिले. आमच्या घरात हे 'विकू नका' असं म्हणण्यासारखंच असतं.

हिशोब तसा सरळ होता. पण मला एक गोष्ट डोक्यातून जाईना. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ सालीच मंजुरी दिली. म्हणजे बनवणाराच उरला नाही. तरी मिस्त्री इतक्या ठामपणे "होतंय की" कसं म्हणतो? आमच्या धंद्यात व्हेंडर बंद पडला की वर्षभरात ती सिस्टीम गळ्यात येते. इथे चाळीस-पन्नास वर्षांचं यंत्र, कंपनी गायब, मॅन्युअल कधी कुणी पाहिलेलं नाही, आणि तरी पार्ट मिळतात. हे कसं काय?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९६१-६२ साली अख्ख्या देशात जेमतेम ८८० ट्रॅक्टर तयार झाले. (२०२२-२३ साली देशात नऊ लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले गेले, त्याच्या तुलनेत बघा.) सुरुवातीचे सगळे आराखडे बाहेरचे. फरीदाबादला जर्मन आयशर, मद्रासला टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्सकडे पोलंडचा उर्सुस, बडोद्याला चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने हिंदुस्तान ट्रॅक्टर्स. आणि मुंबईच्या महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढून १९६५ साली बाजारात आणलेला बी-२७५.

यात पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया कुठून आले, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर शेतीत नाही, तिजोरीत आहे. साठच्या दशकात देशाकडे डॉलर नव्हते. पूर्व युरोपातले देश करारानुसार रुपयांत व्यवहार करायला तयार होते. त्यामुळे झेटर, उर्सुस, सोव्हिएत बेलारूस ही मंडळी आपल्याकडे आली. लोह्याच्या काळ्या जमिनीत ब्रनो शहरातला आराखडा चालतोय, त्यामागे परकीय चलनाची टंचाई आहे!

एचएमटीची गोष्ट आणखी गमतीची. १९५३ साली लेथ आणि मिलिंग मशीन बनवण्यासाठी बंगळूरला सुरू झालेली ही सरकारी कंपनी. पुढे घड्याळं आली, ती आपल्याला माहीत असतात. ट्रॅक्टरचं उत्पादन सुरू झालं १९७१ साली, हरियाणातल्या पिंजोरला, झेटरच्या सहकार्याने. त्याच सुमारास दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत पूर्णपणे देशी ट्रॅक्टरचा आराखडा तयार झाला होता. पण पिंजोरसाठी निवड झाली झेटरची. देशी आराखडा पंजाब सरकारच्या महामंडळाने उचलला आणि त्यातून १९७४ साली 'स्वराज' बाजारात आला. आज दुर्गापूरचा तो वंश जोरात चालू आहे आणि पिंजोर बंद. असो.

आता झेटरच्या आराखड्याकडे बघू, कारण इथे माझ्यातला प्रोग्रॅमर जागा झाला. ब्रनोच्या लोकांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला जी मालिका काढली तिचं नावच मुळी 'एकीकृत' मालिका. २०११, ३०११ आणि ४०११ अशी तीन मॉडेल. पहिल्याला दोन सिलिंडर, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार. पण सिलिंडर तोच: ९५ मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर स्ट्रोक. म्हणजे पिस्टन तोच, लायनर तोच, रिंगा त्याच. मोठा ट्रॅक्टर हवा असेल तर त्याच घरात एक खोली वाढवायची. आम्ही ज्याला मोठ्या तोऱ्यात मॉड्युलर डिझाइन म्हणतो ते या लोकांनी ओतीव लोखंडात करून ठेवलं होतं. आमचा २५११ याच घराण्यातला, पुढच्या पिढीचा.

दुसरी गोष्ट, आराखडे बदललेच नाहीत. बी-२७५ मूळचा इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा, तिथे तो १९५८ ते १९६८ बनला. तिकडे तो संपला, इकडे चालू राहिला. इंजिनात सुधारणा होऊन थेट इंजेक्शन आलं, नावापुढे 'डीआय' लागलं, पण २७५ हा आकडा आजही महिंद्राच्या बॉनेटवर आहे. आमच्याकडे शेंबडं पोरगंही 'दोनशे पंच्याहत्तर' म्हणतं, पण त्या आकड्याचा ना हॉर्सपॉवरशी संबंध ना किमतीशी. तो निव्वळ डॉनकास्टरचा जुना मॉडेल नंबर आहे.

तसंच मॅसीचं. टॅफेच्या १०३५ चं मूळ कॉव्हेन्ट्रीच्या एमएफ ३५ मधे. त्या मूळ इंग्लिश ट्रॅक्टरचं सुरुवातीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हायला इतकं कुरकुरायचं की १९५९ च्या अखेरीस कंपनीने ते बदलून तीन सिलिंडरचं पर्किन्स बसवलं. म्हणजे थंडीत न उठण्याचा रोग आमच्या झेटरपुरता नाही, मोठ्या घराण्यांतही आहे. आणि आता ऐका: कॉव्हेन्ट्रीचा कारखाना २००२ साली बंद झाला, डॉनकास्टरचा २००७ साली. इंग्लंडमधे आज हेच ट्रॅक्टर लोक हौसेने हिवाळाभर गॅरेजमधे उघडून बसतात, मूळ छटेचा रंग मिळवतात आणि उन्हाळ्यात प्रदर्शनात नेऊन उभे करतात. तिकडे त्यांना व्हिंटेज म्हणतात. आमच्याकडे त्याच घराण्यातला ट्रॅक्टर सोयाबीनची पोती घेऊन मोंढ्यात उभा असतो. त्याला व्हिंटेज म्हणालात तर मालक चिडेल.

पण नुसता आराखडा चांगला असून भागत नाही. महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. किर्लोस्करांनी १९७४ साली नाशिकला जर्मन डॉइट्झच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले. हवेने थंड होणारं इंजिन, म्हणजे रेडिएटरची कटकटच नाही. पण ते फार वर्षं चाललं नाही. ट्रॅक्टर कमी खपले की पार्ट बनवणारे कमी, पार्ट कमी की मिस्त्री शिकत नाही, आणि मिस्त्रीला येत नाही म्हणून पुढचा घेणारा कचरतो. याउलट जे आराखडे वर्षानुवर्षं तसेच राहिले, त्यांचे लायनर-पिस्टन लुधियाना आणि राजकोटच्या छोट्या छोट्या कारखान्यांत बनू लागले, आणि ते उघडणारे हात तालुक्या-तालुक्याला तयार झाले. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. कंपनी मेली तरी ट्रॅक्टर मरत नाही, कारण त्याचं ज्ञान कंपनीकडे उरलेलंच नसतं. ते कधीच लोकांच्या हातात गेलेलं असतं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मग पस्तीस हजार तू देतो का?"

दिले.

रब्बीची पेरणी उरकलेली, तुरीची मळणी व्हायची. आमच्याकडे लहान ट्रॅक्टरला सवड मिळते ती एवढीच. (पुढे उन्हाळी नांगरट आणि मग खरीप, की श्वास घ्यायला वेळ नाही.) मिस्त्रीचाचा आले, इंजिन उघडायच्या आधी अर्धा तास नुसते ऐकत बसले. मी उतावीळपणे "चाचा, नोझल बघू या का?" म्हणालो तर म्हणाले, "इंजिनियरसाहेब, आधी ते काय बोलूलालंय ते ऐका की."

धुराची भाषा त्यांनी मला शिकवली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर क्लीनर बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. आणि थंडीतला पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. रिंगा आणि लायनर झिजले की हवा बाजूने निसटते, दाब पडतो, उष्णता कमी पडते. त्यात पहाटेचं गार लोखंड उरलीसुरली उष्णता खाऊन टाकतं. इंजिन एकदा तापलं की मग दिवसभर तक्रार नाही. म्हणून रोग वर्षभर असतो आणि दिसतो फक्त थंडीत.

नोझल तपासून आणले, फवारा ठीक होता. मग हेड काढलं. लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे रिंग परत फिरते, बोट फिरवलं तर पायरी चक्क लागत होती. नवे लायनर, पिस्टन, रिंगा मागवल्या. झेटरचे लायनर ओले असतात, म्हणजे बाहेरून थेट पाणी खेळतं आणि ते उपसून नवे बसवता येतात. ब्लॉक बोअरिंगला शहरात न्यावा लागत नाही. आमच्या गोठ्यासमोर, निंबाखाली, ताडपत्रीवर हे काम झालं. मी पाने देणे, रॉकेलमधे पार्ट धुणे आणि फोटो काढणे ही कामं केली. प्रत्येक नट कुठून निघाला ते लिहून ठेवलं. चाचा हसत होते, पण दोन ठिकाणी माझी वही कामाला आली हे नमूद करतो :)

आजोबा सांगायचे, १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून बैल डोळ्यांदेखत गेले. बैल कामाला नसला तरी खातो, ट्रॅक्टर उभा असला की खात नाही, म्हणून आपण ट्रॅक्टर घेतला. इंजिन उघडल्यावर कळलं की उभा ट्रॅक्टरसुद्धा खातो. टाकीत पाणी साचतं, सील वाळतात, रबरी पाइप तडकतात. फक्त तो ओरडत नाही.

शेवटच्या दिवशी चहा घेताना मी चाचांना विचारलं, हे सगळं कुणाला शिकवलंत? म्हणाले, पोरगा शोरूमला लागलाय. तिथे ट्रॅक्टरला लॅपटॉप लावतात, तो सांगतो काय बिघडलंय. जुन्याला हात लावायला पोरं येईनात.

यात पोराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, आणि ते पाळायचे तर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलंच. आमच्या झेटरचा धूर ज्याने खाल्लाय त्याने या नियमांविरुद्ध बोलू नये. पण त्या लॅपटॉपचा पासवर्ड कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत याच प्रश्नावर शेतकरी वर्षानुवर्षं भांडले आणि २०२३ साली कोलोराडो राज्याने शेतीयंत्रं स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मधे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारंही आहेत. सुरुवात आहे. पण लोह्याच्या मिस्त्रीपर्यंत त्यातलं काय पोचेल, हे आमच्यासारखे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक काय खुलं ठेवतात यावरही अवलंबून आहे. ते कुलूप शेवटी आपल्यातलाच कुणीतरी लिहितो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, कडाक्याच्या थंडीत, सपाट जमिनीवर झेटर दुसऱ्या सेल्फला उठला. पांढरा धूर क्षणभर आला आणि गेला. बाबा काही बोलले नाहीत, फडकं घेऊन सीट पुसली.

काका मात्र अजून रोज संध्याकाळी तो उतारावरच लावतात. म्हणतात, असू दे, सवय आहे त्याला.