नवोदय विद्यालय: अकराव्या वर्षी घर सोडणारी मुलं तिथे राहतात कशी?

बिडकीन पैठण तालुक्यात, संभाजीनगरच्या दक्षिणेला. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आहे कन्नडला, म्हणजे शहर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला. अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. बिडकीनमधल्या पाचवीतल्या मुलाची किंवा मुलीची तिथे निवड झाली, तर सहावीपासून बारावीपर्यंत घर उरतं ते सुट्टीपुरतं.

अर्ज भरताना चर्चा होते ती परीक्षेची. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. बुद्धिमत्ता चाचणी, अंकगणित आणि भाषा, सगळं मराठीतून देता येतं. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे क्लासवाले तयारीही कसून करून घेतात. पुढच्या सात वर्षांच्या राहण्याची तयारी मात्र कुणी करून घेत नाही.

हाउस म्हणजे काय?

प्रवेश मिळाल्यावर मुलाला वर्गासोबत एक 'हाउस'ही मिळतं. अरावली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी ही चार नावं देशभरातल्या नवोदयमध्ये सारखीच आहेत. झोपणं, अभ्यास, खेळाचे सामने, भिंतीवरचं फलकलेखन, सगळं हाउसनुसार चालतं. मुला-मुलींची वसतिगृहं वेगळी असतात. लहान आणि मोठ्या वर्गांची हाउसही वेगळी.

हाउसची जबाबदारी हाउस मास्टरकडे असते, आणि हा हाउस मास्टर म्हणजे शाळेतलाच शिक्षक. सकाळी गणित शिकवणारे सरच रात्री ताप आलेल्या मुलाकडे बघतात. नवोदयच्या शिक्षकांना आवारातच राहावं लागतं, ते यासाठी.

दिवस पहाटेच्या व्यायामाने सुरू होतो. मग प्रार्थना, तास, मेसमधलं जेवण, संध्याकाळी मैदान आणि जेवणाच्या आगेमागे शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. मुलांना मोबाइल ठेवायला परवानगी नाही. पालकांनी भेटायला यायचं तेही शाळेने ठरवून दिलेल्या दिवशी. पहिले काही महिने जड जातात ते इथेच. कपडे धुणं, पेटी आवरणं मुलं लवकर शिकतात, पण आईशी हवं तेव्हा बोलता न येणं लवकर अंगवळणी पडत नाही.

नववीत आणखी एक स्थलांतर

अनेक पालकांना हे माहीत नसतं. नववीतल्या साधारण 30 टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवलं जातं. मराठी मुलं हिंदी भागात जातात आणि तिकडची इकडे येतात. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या शाळा उभ्या राहिल्या, त्यामागे राष्ट्रीय एकात्मतेचा हेतूही होता. त्याचंच हे रूप. (पहिल्या दोन शाळांपैकी एक महाराष्ट्रातच, अमरावतीला सुरू झाली होती.)

49 मृत्यूंचा प्रश्न

2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदयमध्ये 49 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची आकडेवारी 2018 च्या अखेरीस माध्यमांतून समोर आली. त्यात जवळपास निम्मी मुलं दलित आणि आदिवासी होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्र सरकारला नोटीस पाठवली आणि मंत्रालयाने कारणं शोधण्यासाठी समिती नेमली. दिवसभर शिकवणारा शिक्षकच रात्री पालक आणि समुपदेशकही असावा, ही अपेक्षा किती रास्त आहे, हा मुद्दा तेव्हापासून चर्चेत आहे.

म्हणून भेटीच्या दिवशी मार्कांआधी झोप, जेवण आणि मित्रांची चौकशी करावी. मूल गप्प वाटलं, तर हाउस मास्टरांशी त्याच दिवशी बोलावं. 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.

खर्च आणि ग्रामीण जागांची मेख

राहणं, जेवण, गणवेश आणि पुस्तकं मोफत असतात. नववीपासून महिन्याला 600 रुपये विकास निधी द्यावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या मुलांना तोही माफ आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ही रक्कम जास्त असते.

किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि इथे बिडकीनसारख्या गावातल्या पालकांची चूक होऊ शकते. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण व्हावी लागतात. या काळात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. घर गावात असून उपयोग होत नाही. जवळच्या शहरातल्या इंग्रजी शाळेत तिसरीला नाव घातलं, की मुलाची स्पर्धा उरलेल्या थोड्या जागांसाठी सुरू होते.

सहावीची संधी हुकली, तर नववी आणि अकरावीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी निवड प्रक्रिया असते. मात्र त्या जागा मोजक्याच निघतात.