प्रवरा कालव्यांवरील देखरेख : बेलापूर परिसराच्या संदर्भात

परस्परांपासून दूर असलेल्या अनेक घटकांच्या मेळाने चालणारा कोणताही उद्योग, मग ते आजचे संगणकजाल असो वा गेल्या शतकातील कालवा, एका दृष्टिक्षेपात कोणासही दिसत नाही. त्याची प्रकृती ठिकठिकाणच्या नोंदींवरूनच जाणावी लागते. यास्तव नोंद कोठे घ्यावयाची, हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. दोष कोणता दिसेल व कोणता झाकला जाईल, हे त्यावरून ठरते. प्रवरा कालव्यांचा इतिहास याचे बोलके उदाहरण आहे.

भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. धरणातील पाणी नदीपात्रातून ओझरच्या बंधाऱ्याशी येते व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. बेलापूर-हरेगावचा टापू डाव्या कालव्याच्या खालच्या अंगास येतो. पाणी येथवर पोहोचण्यास बराच अवधी लागत असल्यामुळे मागणीचा अंदाज आधीच बांधणे भाग होते. वाटेतील ठराविक ठिकाणी पट्टीवरील पाण्याची उंची वाचून प्रवाह काढीत. दोन ठिकाणांच्या आकड्यांतील अंतरातून मधल्या चाऱ्यांना दिलेले पाणी वजा केले की जे उरे, ती पाझर, बाष्पीभवन व चोरी यांची बेरीज. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे मात्र त्या वजाबाकीने कळत नसे. शिवाय गाळ साचला वा गवत माजले की उंची व प्रवाह यांचे गणित चुके. क्लॉड इंग्लिस यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमचे महत्त्व यातच आहे.

या यंत्रणेची परिभाषाही विचारार्ह आहे. खानदेशात पांझरेवरील फडपद्धतीत पाटकरी हा बागाइतदारांना जबाबदार असे. प्रवरेवर तोच शब्द सरकारी साखळीतील शेवटच्या कडीस लागला. त्याच्यावर मोजणीदार, त्याच्यावर कालवा निरीक्षक. शब्द टिकला, पण हिशेब देण्याची दिशा पालटली. फडातील पाटकऱ्याचा हिशेब शेताच्या बांधावर पुरा होई. येथे तो कचेरीत जाऊ लागला.

या हिशेबातून एक मोठी गोष्ट निसटली. नीरा कालव्यावर प्रथम दिसलेला दोष प्रवरेवरही उद्भवला. उसास पाणी मुबलक मिळाले, पट्टीवरील आकडे समाधानकारक राहिले. पण निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत भूजल वर चढत गेले. जमिनी पाणथळ झाल्या, मीठ फुटले, रान चोपण झाले. प्रत्येक मोरी चोख काम करीत असता संपूर्ण व्यवस्था बिघडत होती, कारण मोजमाप पाणी देण्याचे होते, मुरण्याचे नव्हते. या दोषाच्या शोधासाठी विहिरींची पातळी पाहणे अटळ ठरले. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये स्थापन केलेल्या विशेष पाटबंधारे विभागाकडे हे संशोधन आले, व त्यातूनच पुढे खडकवासल्याची जलसंशोधन संस्था विकसित झाली.

महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी घनमापाने देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे हिशेब पुन्हा शेतकऱ्याच्या जवळ आला, हे इष्टच होय. तथापि संस्थेच्या दारी मोजलेले पाणी हेही दिलेलेच पाणी. विहिरीची पातळी व मातीतील क्षार यांची नोंद त्याच वहीत आल्याखेरीज प्रवरेचा जुना धडा पुरता गिरवला गेला, असे म्हणता येणार नाही.